नाकीडोळी नीटस : चेहरे जुळवण्याच्या साधनांचा इतिहास

ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या क्राफ्टन या कंपनीने 'इनझोई' या आपल्या येऊ घातलेल्या संगणकीय खेळाचा एक छोटासा भाग थोड्या दिवसांसाठी लोकांना वापरायला खुला केला. खेळ आयुष्य जगण्याचा. घर थाटायचे, नोकरी करायची, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या, भांडायचे, लग्न करायचे, मुले वाढवायची. आपल्याकडच्या भातुकलीचीच ही पडद्यावरची आवृत्ती म्हणा ना! पण लोकांच्या हाती जो भाग दिला होता त्यात यातले काहीच नव्हते. होते ते फक्त माणूस तयार करण्याचे साधन. नाक थोडे वर घ्या, गालफडे रुंद करा, केस बदला, कातडीचा रंग ठरवा. प्रत्यक्ष खेळ, तोही अजून पुरा न झालेल्या स्वरूपात, विक्रीला आला २८ मार्च २०२५ रोजी. म्हणजे संसाराच्या सात महिने आधी बाहुली आली.

बाहुली आधी आणि भातुकली मागून, ही रीत या व्यवसायात जुनीच आहे. 'सिम्स २' हा खेळ सप्टेंबर २००४ मध्ये आला, पण त्यातली माणसे घडवण्याचे साधन त्याआधीच फुकट मिळत होते. 'स्पोअर' या खेळातले प्राणी जुळवण्याचे साधन जून २००८ मध्ये आले, खेळ सप्टेंबरमध्ये. 'सिम्स ४' च्या बाबतीत २०१४ साली पुन्हा तेच झाले. खेळ पुरा होईपर्यंत गिऱ्हाईक गुंतून राहते, हा व्यापारी हिशोब उघड आहे. पण गिऱ्हाईक गुंतते का? तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारून पाहा. खेळापेक्षा खेळातले माणूस घडवण्यातच आपला जास्त वेळ जातो, असे सांगणारे बरेच भेटतील.

या साधनाकडे आपण शिक्षकांनी जरा निरखून पाहावे असे आम्हाला वाटते. त्यातल्या एकेका सरकपट्टीमागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात भूमिती आहे, संख्याशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे. आणि हा इतिहास खेळण्यांच्या दुकानात सुरू होत नाही, तो सुरू होतो पोलीस कचेरीत.

पॅरिसमधली मोजपट्टी

"नाकीडोळी नीटस आहे हो मुलगी," असे म्हणताना आपण एक गोष्ट नकळत गृहीत धरतो. चेहरा म्हणजे नाक, डोळे, ओठ, कपाळ, कान यांची बेरीज, आणि एकेक भाग वेगळा काढून त्याचे वर्णन करता येते. हे गृहीतक काटेकोरपणे कामाला लावले ते आल्फोन्स बर्तियाँ या फ्रेंच माणसाने. १८७९ मध्ये तो पॅरिस पोलिसांकडे कारकून म्हणून लागला. त्याचे काम होते अटक झालेल्यांच्या नोंदी उतरवण्याचे. सराईत गुन्हेगार दर वेळी नवे नाव सांगत, आणि हजारो नोंदींतून जुना माणूस शोधणे अशक्य होऊन बसे. छायाचित्रे होती, पण छायाचित्रे लावायची कशी? नावाने लावावीत तर नावच खोटे!

बर्तियाँने तोडगा काढला तो शरीराच्या मापांचा. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मधल्या बोटाची लांबी, डाव्या पायाचे पाऊल, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, अशी अकरा मापे घ्यायची. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन गट करायचे. तुमच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घाला : अकरा मापे, प्रत्येकाचे तीन गट, तर खण किती? तीनचा अकरावा घात, म्हणजे १,७७,१४७. एवढ्या खणांत माणसे वाटली तर एका खणात शोधायला फारच थोडी उरतील. १८८३ च्या फेब्रुवारीत या पद्धतीने पहिला जुना गुन्हेगार ओळखला गेला आणि बर्तियाँचे नाव झाले.

पुढे त्याने चेहऱ्याचीही अशीच वाटणी केली. नाकाची कड खोलगट, सरळ की बाकदार? कपाळ मागे झुकलेले की उभे? कानाची पाळी मोकळी की गालाला चिकटलेली? शेकडो छायाचित्रांतून नुसती नाके, नुसते कान कापून त्याने मोठे तक्ते केले आणि पोलिसांना ते पाठ करायला लावले. या वर्णनाला तो 'बोलके चित्र' म्हणत असे. आजच्या खेळात नाकांची एक ओळ उघडते आणि त्यातले एक निवडायचे असते, ती ओळ आणि बर्तियाँचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला तर कूळ कुठले ते सांगावे लागणार नाही.

पण त्या १,७७,१४७ खणांत एक गोम होती. उंच माणसाचा हात बहुधा लांब असतो, पाऊलही मोठे असते. मापे एकमेकांना धरून असतात. त्यामुळे काही खणांत गर्दी होते आणि 'हात फार लांब, पाऊल फार लहान' असले हजारो खण रिकामे राहतात. ही गोम नेमकी पकडली इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने. दोन मापे एकमेकांना किती धरून आहेत हे एका संख्येने सांगण्याची कल्पना त्याने १८८८ मध्ये मांडली. संख्याशास्त्रात आज आपण ज्याला सहसंबंध म्हणतो त्याचा हा उगम.

याच गाल्टनने १८७७-७८ च्या सुमारास आणखी एक प्रयोग केला होता. इंग्लंडमधल्या तुरुंगांतल्या कैद्यांची छायाचित्रे त्याने मिळवली आणि एकाच काचेवर एकावर एक अशी थोडी थोडी उमटवली. अपेक्षा ही की प्रत्येकाचे वेगळेपण पुसले जाऊन खाली उरेल तो 'अस्सल गुन्हेगारी चेहरा'. निघाले भलतेच! मिसळलेला चेहरा मूळच्या कोणत्याही कैद्यापेक्षा सौम्य आणि देखणा दिसत होता. गुन्हेगारीची खूण म्हणावी असे काही शिल्लकच राहिले नाही. गाल्टनने हे प्रामाणिकपणे नोंदवले. त्यातून जो धडा घ्यायचा तो मात्र त्याने घेतला नाही. १८८३ मध्ये त्यानेच 'युजेनिक्स' म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द घडवला, आणि माणसांची बरी-वाईट पैदास ठरवण्याच्या त्या विचाराने पुढच्या शतकात काय केले ते आपण जाणतोच.

नागपूर, कलकत्ता आणि बर्लिन

मापांच्या या वेडाला भारतातही भरपूर खतपाणी मिळाले. बर्तियाँची पद्धत बंगाल पोलिसांनी वापरून पाहिली, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाल्यावर मोजपट्टी मागे पडली. ठशांच्या वर्गीकरणाचे श्रेय एडवर्ड हेन्रीच्या नावावर असले तरी त्यामागची खरी मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची होती. दुसरीकडे हर्बर्ट रिस्ले हा सनदी अधिकारी नाकाच्या रुंदीला लांबीने भागून जातींची उतरंड लावत होता. नाक जितके रुंद तितकी सामाजिक पायरी खालची, असा त्याचा सिद्धांत! असल्या गोष्टी तेव्हा शास्त्र म्हणून छापल्या जात.

१९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले होते. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण प्राध्यापकाची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांच्याशी पडली. कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे ॲनंडेल यांच्यापाशी पडून होती. त्यांचे गणित कराल का, असे त्यांनी विचारले. महालनोबिस शिकलेले भौतिकशास्त्र, पण या प्रश्नाने त्यांना कायमचे संख्याशास्त्राकडे ओढले.

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. दोन माणसे, किंवा माणसांचे दोन गट, एकमेकांपासून किती 'दूर' आहेत? उंचीतला फरक, नाकातला फरक, डोक्यातला फरक यांची नुसती बेरीज चालत नाही, कारण मापे एकमेकांना धरून असतात. पाच फूट उंचीचा माणूस दुर्मीळ नाही. बारा इंची पाऊलही अगदीच दुर्मीळ नाही. पण पाच फुटी माणसाला बारा इंची पाऊल? ते मात्र फारच विरळा. तेव्हा अंतर मोजताना प्रत्येक मापाची स्वाभाविक चढउतार आणि मापामापांतले सहसंबंध, दोन्ही हिशोबात घ्यायला हवेत. असे अंतर काढण्याचे सूत्र महालनोबिस यांनी पूर्णत्वाला नेले, आणि १९३६ च्या त्यांच्या लेखापासून ते 'महालनोबिस अंतर' म्हणून जगभर ओळखले जाते. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

याच काळातली एक हकीकत आपल्या घरची आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवशास्त्रात संशोधन करू लागल्या. विषय होता मानवी कवटीची असमानता, म्हणजे डावी-उजवी बाजू किती वेगळी असते. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ, आणि ते श्रेष्ठत्व त्याच्या कवटीच्या असमानतेत दिसेल, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या प्रदेशांतल्या कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही असे लिहून दिले. परदेशी विद्यार्थिनी, मार्गदर्शक त्या क्षेत्रातला बडा माणूस, आणि निष्कर्ष त्याच्या विरुद्ध! मोजपट्टी हातात आली की माणूस पूर्वग्रहाच्याच दिशेने मोजतो असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगायला सापडणार नाही.

चेहऱ्यांचा डबा

१९५९ मध्ये अमेरिकेत 'आयडेंटिकिट' नावाची एक पेटी पोलिसांसाठी विक्रीला आली. कल्पना ह्यू मॅक्डॉनल्ड या लॉस एंजेलिसच्या पोलीस अधिकाऱ्याची. पेटीत पारदर्शक पत्रे, प्रत्येकावर चेहऱ्याचा एकच भाग रेखाटलेला. कुणावर नुसत्या भिवया, कुणावर नुसती हनुवटी. साक्षीदाराने "नाक असे, केस तसे" सांगायचे आणि पोलिसाने पत्रे एकावर एक रचायचे. १९६१ च्या मार्चमध्ये लंडनमधल्या एका दुकानात खून झाला तेव्हा अशा जुळवलेल्या चित्रावरून गस्तीच्या शिपायाने रस्त्यात संशयिताला ओळखले, आणि पेटीची कीर्ती एकदम पसरली. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये जॅक पेन्री यांची 'फोटोफिट' आली, तिच्यात रेखाटनांऐवजी छायाचित्रांचे तुकडे होते.

साधन तर हाती आले. ते चालते का, हे कोणी तपासले होते? ॲबर्डीन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही तपासणी हाती घेतली. लोकांना एक चेहरा दाखवायचा आणि पेटीतून तो जुळवायला सांगायचे. जुळवलेले चेहरे मूळ माणसासारखे फारसे दिसेनात. आठवणीचा दोष म्हणावा तर आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली : चेहरा डोळ्यांसमोर ठेवून जुळवला तरीही चित्र आठवणीतून जुळवलेल्यापेक्षा सरस होईना! म्हणजे दोष स्मरणशक्तीचा नव्हे, दोष चेहऱ्याचे तुकडे पाडण्यातच होता.

हे तुम्हाला वर्गात दाखवता येईल. वर्तमानपत्रातून सर्वांच्या ओळखीच्या दोन व्यक्तींची समोरून घेतलेली, साधारण सारख्या आकाराची छायाचित्रे घ्या. दोन्ही नाकाच्या मध्यावर आडवी कापा. एकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला नीट जोडून चिकटवा आणि मुलांना विचारा, वरचा भाग कोणाचा? बराच वेळ घोटाळा होईल, कारण डोळ्यांना तिसराच कोणी माणूस दिसू लागतो. आता खालचा भाग बोटभर बाजूला सरकवा. लगेच दोघेही ओळखू येतील. ब्रिटिश संशोधकांनी हा प्रयोग १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्प्सन यांनी १९८० मध्ये दाखवलेली गंमतही अशीच. मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवायचे. सगळे चित्रच उलटे धरले तर काही बिघडलेय असे वाटत नाही. सरळ केले की अंगावर काटा येतो. सरळ चेहरा आपण अखंड पाहतो, भागांतल्या परस्पर अंतरांसह पाहतो. डोळे तेच ठेवून नुसते अर्धा सेंटीमीटर जवळ आणले तरी माणूस बदलतो. पेटीत तुकडे होते, पण तुकड्यांमधली ही नाती नव्हती.

चूक कोणाला भोवते, हेही पाहिले पाहिजे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात एका लहान मुलीचा खून झाला. दोन मुलांनी एका अनोळखी माणसाला पाहिले होते. त्यांच्या सांगण्यावरून पोलिसांनी चेहरा जुळवला आणि प्रसिद्ध केला. तो पाहून कुणीतरी फोन केला की हा कर्क ब्लड्सवर्थसारखा दिसतो. पुढच्या वर्षी त्याला फाशीची शिक्षा झाली. फेरखटल्यात तिची जन्मठेप झाली. १९९३ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला तोवर त्याची जवळजवळ नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. खरा गुन्हेगार २००३ मध्ये सापडला. दुसऱ्या गुन्ह्यासाठी तो ब्लड्सवर्थच्याच तुरुंगात राहून गेला होता, आणि त्याची अंगलट वर्णनाशी मुळीच जुळत नव्हती.

संख्यांचा चेहरा

यूटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क हा विद्यार्थी १९७२ मध्ये संगणकाच्या पडद्यावर हलणारा चेहरा काढू पाहत होता. त्याने चेहऱ्याचे सुमारे २५० छोट्या बहुभुजांत तुकडे केले. खऱ्या चेहऱ्यावर रेषा आखून, दोन दिशांनी छायाचित्रे घेऊन त्याने शिरोबिंदूंचे सहनिर्देशक मोजले. दहावीची मुले करतात तीच भूमिती, फक्त त्रिमितीत. १९७४ च्या प्रबंधात त्याने महत्त्वाची वाटणी केली. चेहऱ्याच्या घडणीचे आकडे वेगळे आणि हावभावांचे आकडे वेगळे. घडणीचे आकडे बदलले की माणूस बदलतो, हावभावांचे बदलले की तोच माणूस हसतो किंवा रागावतो. आज खेळात पट्टी सरकवून आपण नाक लांब करतो आणि पुढे ते पात्र त्याच लांब नाकाने शिंकते, ते या वाटणीमुळे.

मात्र पट्ट्या आल्या तरी पेटीचे दुखणे गेले नव्हते. नाक एका पट्टीवर, हनुवटी दुसऱ्या पट्टीवर. नाती पुन्हा बाहेरच. शिवाय अशा साधनांत एक पट्टी बहुधा दोन्ही गाल सारखेच हलवते, म्हणून त्यांतले चेहरे आरशात दुमडल्यासारखे समान होतात. इरावतीबाईंनी मोजलेली ती डाव्या-उजव्यातली तफावत गायब!

वाट निघाली ती सरासरीतून. मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी. संस्थेत सुझन ब्रेनन हिने १९८२ मध्ये व्यंगचित्र काढणारा संगणक-कार्यक्रम लिहिला. युक्ती सोपी : माणसाच्या चेहऱ्याची सरासरी चेहऱ्याशी तुलना करायची आणि जो फरक असेल तो वाढवायचा. नाक सरासरीपेक्षा थोडे लांब असेल तर बरेच लांब करायचे. आर. के. लक्ष्मण यांची कुंचली हे गणित न मांडता करीत असे! परिचित चेहरे नेमक्या रेखाटनापेक्षा अशा अतिशयोक्त रेखाटनावरून लोक लवकर ओळखतात, हे १९८७ मधल्या प्रयोगात दिसले. म्हणजे आपल्या डोक्यातही 'सरासरीपासून कोणत्या दिशेला, किती दूर' अशीच काहीशी नोंद असावी.

याच कल्पनेचे पूर्ण गणित जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे फोल्कर ब्लांट्स आणि टोमास फेटर यांनी १९९९ मध्ये मांडले. त्यांनी २०० तरुण माणसांची, १०० स्त्रिया आणि १०० पुरुषांची, डोकी लेझरने मोजली. केस आड येऊ नयेत म्हणून सर्वांना पोहण्याच्या टोप्या घातल्या. प्रत्येक डोके म्हणजे हजारो बिंदू. सर्वांची सरासरी काढली. मग सरासरीपासून चेहरे कोणकोणत्या दिशांनी सगळ्यात जास्त पसरतात ते शोधले. यातली एकेक दिशा म्हणजे एकेक पट्टी, पण ही पट्टी नुसते नाक हलवत नाही. ती सरकवली की नाक, जबडा, गाल, कपाळ सगळे एकदम, खऱ्या माणसांत जसे एकमेकांना धरून बदलतात तसे बदलते. 'जाडी', 'पुरुषीपणा', 'बाकदार नाक' अशाही दिशा त्यांनी काढून दाखवल्या. आणि पट्ट्या किती ताणायच्या, चेहरा कधी माणसाचा वाटेनासा होतो, याचा अंदाज घ्यायला लागते ते सरासरीपासूनचे महालनोबिस अंतर! नागपूरच्या त्या गाठीभेटीतून निघालेले सूत्र असे येऊन पोहोचले.

पोलिसांची साधनेही याच वाटेने बदलली. स्टर्लिंग विद्यापीठात तयार झालेल्या 'इव्होफिट' मध्ये साक्षीदाराला नाकाचे वर्णन करावेच लागत नाही. पडद्यावर अनेक अखंड चेहरे येतात, त्यातले बरे वाटणारे निवडायचे. संगणक त्यांचे 'संकर' करून पुढची पिढी दाखवतो, पुन्हा निवडायचे. डार्विनचा नियम साक्षीदाराच्या आठवणीला जुंपलेला आहे.

पण २०० डोकी कोणाची होती? मूळ लेखातच स्पष्ट म्हटले आहे की हा साठा मध्यम वयाच्या गोऱ्या चेहऱ्यांना पुरेसा आहे, मुले, वृद्ध आणि इतर वंशांचे लोक त्यात पुढे आणावे लागतील. सांगणाऱ्यांनी सांगितले होते. ऐकणाऱ्यांनी कितपत ऐकले, हे खेळांच्या इतिहासात दिसते.

भातुकलीतली माणसे

खेळातले पात्र आधी नुसते आकड्यांचे होते. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात तीन फासे टाकून शक्ती, बुद्धी वगैरे सहा गुण ठरत, चेहरा ज्याचा त्याने मनात पाहावा. ४ फेब्रुवारी २००० रोजी विल राइट यांचा 'सिम्स' आला तेव्हा तयार डोक्यांतले एक उचलून तयार धडावर बसवायचे, एवढीच सोय होती. ही कल्पना राइट यांना सुचली ती १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात स्वतःचे घर जळाल्यावर, घरातल्या वस्तू नव्याने गोळा करताना. 'सिम्स २' मध्ये चेहरा घडवता येऊ लागला, आणि आईबापांचे नाक-डोळे मुलांत उतरू लागले. आनुवंशिकता शिकवताना याचा उपयोग होण्यासारखा आहे, फक्त खरी जनुके इतकी सरळ वागत नाहीत हे सोबत सांगावे. २००६ मध्ये निन्टेन्डोने 'मी' नावाच्या बाहुल्या आणल्या, त्या म्हणजे आयडेंटिकिटची पेटीच, पण मुद्दाम बाळबोध ठेवलेली. तिथे हुबेहूबपणाचा दावाच नव्हता, म्हणून ती छान चालली. 'सिम्स ४' मध्ये पट्ट्या नजरेआड गेल्या. नाक सरळ माउसने पकडून ओढायचे.

आणि तरीही २०१४ च्या त्या खेळात सावळ्या आणि काळ्या वर्णाचे पर्याय थोडे होते, आणि होते ते राखाडी, मळकट दिसत. खेळणारे वर्षानुवर्षे तक्रार करत राहिले. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने शंभराहून अधिक नवे वर्ण घातले. कपडे आणि केस बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे ही भिंत त्याआधी २०१६ मध्ये काढली होती. २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून प्रेरणा घेतलेला कपड्यांचा संचही आला. सहा वर्षे म्हणजे पाचवीतले मूल अकरावीत जाते. तेवढा काळ स्वतःसारखी बाहुली करू पाहणाऱ्या सावळ्या मुलीने काय केले असेल?

कोणता पर्याय आधी येतो आणि कोणता मागाहून, यात पूर्वग्रह असतो तसा कधी कधी निव्वळ खर्चही असतो. उंचीचेच घ्या. 'सिम्स' च्या खेळांत सगळे प्रौढ एकाच उंचीचे. साधी पट्टी, मग अडले कुठे? अडले ते मिठीत. दोन पात्रे गळाभेट घेतात, हस्तांदोलन करतात, त्या हालचाली आधी करून ठेवलेल्या असतात. एकाला सहा इंचांनी उंच केले की हात दुसऱ्याच्या खांद्याऐवजी कानात जातो. मग मनगट कुठे हवे ते आधी ठरवून त्यावरून कोपर आणि खांद्याचे कोन उलट काढावे लागतात, तेही प्रत्येक हालचालीत, सेकंदाला कितीतरी वेळा. कॅनडातल्या माँट्रियलच्या एका छोट्या चमूने २०१९ मध्ये 'पॅरालाइव्ज' हा खेळ जाहीर केला आणि सुरुवातीच्या चित्रफितींतच उंचीची पट्टी दाखवली. तेवढ्यावर लोक हरखून गेले ते उगीच नव्हे.

ज्यांच्या शाळेत संगणक आहे त्यांनी असे एखादे साधन मिळवून विद्यार्थ्यांच्या गटांना एकच काम द्यावे : आपल्या आजीचा चेहरा तयार करा. छायाचित्र समोर ठेवायला हरकत नाही. संगणक नसेल तर बर्तियाँप्रमाणे जुन्या मासिकांतली नाके-डोळे कापून पेटी करावी, कागदावरही तेच शिकता येते. काय जमले ते सोडून द्या, काय जमले नाही त्याची यादी फळ्यावर लिहा. दात गेल्यामुळे आत वळलेले ओठ, कपाळावरचे गोंदण, नथीच्या जड ओझ्याने ओघळलेले नाकपुडीचे भोक, एका बाजूला जास्त पडणारी हसण्याची सुरकुती. प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने करा, 'गणिताला अवघड' आणि 'कुणाला सुचलेच नाही', आणि कोणत्या रकान्यात खूण करायची यावर मुलांना भांडू द्या.